भिंतीचा ताप

आम्हा नव्या इंजिनिअरांना शाळांमधली वीज वाचवायला शिकवणाऱ्या मॅडम वर्गात शिरल्या की आधी भिंतीला उलटा हात लावायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. "हिला ताप आहे हं, छताचं काहीतरी करा," म्हणायच्या. आवाज कधी चढला नाही.

बाग सेवनिया या वस्तीतल्या एका शाळेला आम्ही नुसती विजेची बिलं पाहून बचतीत पहिला नंबर दिला. एप्रिलच्या भर दुपारी मॅडम आम्हाला तिथे घेऊन गेल्या. वर्गात एकही पंखा नव्हता. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला हात लावला, मग माझा हात ओढून तिथे टेकवला. चटका बसल्यासारखा मी तो मागे घेतला.

"अब बोल ना," त्या ओरडल्या, "किती बचत झाली?"