हेडमध्ये राहिलेला अर्धा बोल्ट

बोल्ट मीच तोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर बाबांच्या म्हातारपणाला नावं ठेवणारे घरात पुष्कळ निघाले.

गाडी आमचीच, जुनी डिझेल जीप. इंजिनच्या हेडवर पाण्याच्या पाइपाचं छोटं झाकण असतं, दोन बोल्टांवर बसवलेलं. तिथून पाणी गळत होतं. झाकण काढून आतली पॅकिंग बदलायची, एवढंच काम. पहिला बोल्ट निघाला. दुसरा हलेना, तसं माझं डोकं फिरलं. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि सगळं अंग टाकलं. बोल्टाचं डोकं पान्यासकट माझ्या हातात आलं, बाकीचा अर्धा आतच राहिला.

बाबा खाटेवरून उठून आले. "पाइप कायले लावला? बोल्ट का तुह्या बापाचा नोकर हाये?"

मी म्हटलं, हेड उतरवून साकोलीच्या लेथवाल्याकडे नेतो.

"माह्या घरचा बोल्ट साकोलीले जाईन? लोकं का म्हणतीन? गधा तं गधाच राहिला तू."

चाळिशीतल्या माणसाला भर अंगणात गधा म्हटलेलं सोसत नाही. ते पोटात राहिलं.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास बाबांनी शहापूरला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं होतं. मोतीबिंदूनंतर ते बंद झालं. डावा डोळा सुधारला नाही, उजवाही जेमतेमच. तरी तुटका बोल्ट काढायला लोक घरी यायचे, हेड पोत्यात गुंडाळून. तेवढ्या एका कामापुरते बाबा अजून मिस्त्री होते. एरवी घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मीही नाही.

त्यांची रीत सबुरीची. दोन दिवस बोल्टावर डिझेल मुरू दिलं. मग लहान हातोडीने नुसती टकटक, जोर न लावता. मग तापवून वर मेण. मेणबत्त्यांना आमच्याकडे तोटा नव्हता, बुद्धवंदनेच्या उरलेल्या टोकांचा डबाच भरलेला असे. तापल्या लोखंडाला मेण टेकवलं की ते वितळून आट्यांत शिरतं. शेवटी बोल्टाच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांची कडक सळई ठोकायची आणि डावीकडे फिरवायचं. सळई रुतत जाते आणि बोल्टाला घेऊन बाहेर येते. भोक मध्यावर पडलं तरच.

आणि एक नियम होता. बाबांचा हात बोल्टावर असताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो की पाहुणा, सगळे गप्प. आई जेवायला बोलवायला आली तरी त्यांचा हात निघेपर्यंत दारातच उभी राहायची.

मी बॅटरीचा उजेड धरून होतो. बाबांनी ड्रिल टेकवलं तेव्हाच मला दिसलं की टोक मध्यावर नाही, तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला आहे. बाबांनी मान वाकडी केली, उजवा डोळा जवळ नेला, अंगठ्याने चाचपलं आणि बटण दाबलं. मी गप्प राहिलो. नियम होता म्हणून गप्प राहिलो, असंच मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मनात आलं होतं, एकदा यांचंही चुकू दे.

सळई तिरकी बसली. बाबांनी पाना फिरवला, ती जराशी वळली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पुढच्या जोराला सळईच आत तुटली. ती इतकी कडक असते की तिच्यावर ड्रिल चालत नाही. बोल्ट तुटला तर इलाज आहे, सळई तुटली तर हेड गेलं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

ते बराच वेळ भोकावरून बोट फिरवत राहिले. "मधात होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"खोटं नोको बोलू. बोटाले समजते." मग म्हणाले, "तू तं पाहून राहिला होता ना?"

मी बॅटरी विझवली. त्यांनी हात पुसले आणि खाटेवर जाऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हेड उतरवून साकोलीला नेलं. लेथवाल्याने ते हातात घेऊन उजेडात धरलं आणि भंगारात घाला म्हणाला. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी नुसती मान हलवली.

त्याच आठवड्यात कोंढ्याकडचा एक अनोळखी माणूस मोटारसायकलवर पोतं बांधून आला. बाबा अंगणात खाटेवर होते, मी आत.

"काकाजी, तुटका बोल्ट काढणारे मिस्त्री इथंच राह्यतेत ना?"

"मिस्त्री आता नाही राहत इथं," बाबा म्हणाले.

आत उभ्या उभ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरेरे. लोकं सांगत होते, लय हात होता म्हणे त्यांचा."

"होता," बाबा म्हणाले, आणि त्याला साकोलीच्या लेथवाल्याचा पत्ता दिला, हायवेवरून कुठे वळायचं तेही नीट समजावून.