फक्त पल्लवीसाठी आटणारा नळ

आधीच सांगून टाकते... मी चौकातलं लिंबू-मिरची टाळून जाणारी नाही, त्यावर पाय देऊन जाणारी बाई आहे. अमावास्येला केस धुते. मांजर आडवं गेलं तर ते गाडीखाली येऊ नये एवढीच काळजी करते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे — लोकांचं रक्त काढायचं, मशीनला लावायचं आणि मशीन सांगेल ते खरं मानायचं. या सदरातले अनुभव मी वाचत आले ते खरं तर हसायला. आज स्वतःचा लिहायला बसले आहे आणि हसू काही येत नाही.

नागपूरच्या दक्षिणेला बेसा. पूर्वी इथं शेतं होती, आता जिकडे पाहावं तिकडे लेआऊट पडले आहेत. बेसा-पिपळा रोडवरून आत वळलं की आमचा लेआऊट, त्यात शेवटून दुसरा प्लॉट आमचा. घरात मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी सानिका आणि सासूबाई. शेजारी दोन खोल्यांत पल्लवी आणि तिचा नवरा राहतात. तो कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे, सकाळी बसने जातो तो अंधार पडल्यावर येतो. पल्लवी चोवीस-पंचवीसची असेल. मागच्या उन्हाळ्यात ती पोटुशी होती, सहावा महिना लागला होता.

आमचं घर तेव्हा नुकतंच पूर्ण झालं होतं. बांधकाम चालू असताना भिंतींवर मारायला पाणी कुठून आलं? पल्लवीच्या बोअरमधून. तिनं कधी नाही म्हटलं नाही, वर मजुरांना चहा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ते मी सोयीस्करपणे विसरले.

नळाच्या कनेक्शनचे नियम अगदी सरळ होते. लायसन असलेल्या प्लंबरनं अर्ज भरायचा, काम त्यानंच करायचं आणि पाइप टाकून झाला की चर उघडा ठेवायचा. पाणीपुरवठा ऑफिसचे साहेब येऊन जोड पाहणार, पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरपासून लांब आहे ना ते पाहणार, मगच चर बुजवायचा. आमचा अर्ज लायसनवाल्यानं भरला, पण घरच्या लग्नाला गावी गेला. आल्यावर करतो म्हणाला. इकडे वास्तुशांतीचा मुहूर्त अक्षय तृतीयेचा. पाहुणे येणार आणि दारात चर? मला ते काही पटेना. फरशीचं काम करणाऱ्या माणसालाच मी म्हटलं, तू टाक पाइप.

त्यानं वेगळं खणण्याचे कष्ट वाचवले. सांडपाण्याच्या चरातूनच पाण्याचा पाइप नेला, एक जोड तर चेंबरला खेटून. मी ते डोळ्यांनी पाहिलं. असं चालतं का म्हणून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, मॅडम, जमिनीच्या खाली कोण पाहते. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

साहेब आले तोवर चर बुजला होता आणि वर मांडव घातला होता. मी त्यांना पन्हं दिलं आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. गेटजवळच्या जोडाचा, जो चांगला होता तो. चेंबरकडचा फोटो मी काढलाच नव्हता. पन्हं त्यांनी घेतलं, फोटोला मात्र नकाराची मान हलवली.

"ताई, फोटोवर पास नाही करता येत. मांडव निघाला का मले फोन करा, उकरून पाहू. टेस्टिंगचं पाणी सुरू आहे, ते तोवर पिऊ नका."

मी हो हो म्हटलं. मांडव निघाला आणि मी तिथं फरशी बसवून घेतली. फोन केला नाही. पाणी स्वच्छ दिसत होतं, गोड लागत होतं, आणि पहिल्या दिवसापासून आम्ही ते पीत होतो. मी... जी रोज लोकांना सांगते, पाणी उकळून प्या.

मे महिना. आमच्याकडे नळ भर दुपारी यायचा, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. त्यातच पल्लवीचं बोअर आटलं. ती गुंड घेऊन आली (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, पाण्याच्या हंड्याला आम्ही गुंड म्हणतो) आणि पिण्यापुरतं पाणी भरू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, पण मनातून म्हटलं नाही. आत्ताच कुठे स्वतःचा नळ आला होता, तो कोणाला द्यावासा वाटत नव्हता.

माझी बादली भरत होती, धार चांगली मनगटाएवढी. बादली काढली, पल्लवीनं वाकून गुंड ठेवला आणि धार बारीक होत गेली... मग थेंब... मग काहीच नाही. पाणी गेलं वाटते, म्हणत ती परत फिरली. ती गेटबाहेर पडते न पडते तोच नळातून हवा खोकल्यासारखी बाहेर आली आणि पाणी पुन्हा सुरू.

एकदा झालं असतं तर विसरले असते. पण ती येईल तेव्हा तेच. नवरा म्हणाला, कोणीतरी टिल्लू पंप लावून पाणी ओढत असेल. ठीक. पण टिल्लू लावणाऱ्याला पल्लवी कधी वाकते ते कसं कळायचं? शेवटी माझ्यातली टेक्निशियन जागी झाली. सुट्टीच्या दिवशी सानिकाला जिन्याखाली व्हॉल्व्हपाशी बसवलं, त्याला कोणी हात लावू नये म्हणून. मी नळाशी. पल्लवीचा गुंड मी माझ्या हातानं धरला, पाणी आलं. तिला म्हटलं, आता तू धर. तिनं हात लावला आणि धार आटली. सोडला, आली. पुन्हा धरला, गेली. सानिका आतून ओरडून सांगत होती की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. 

सासूबाई ओसरीत बसून हे सगळं पाहत होत्या. पदराआडून त्या म्हणाल्या, पोटुशीची सावली पडली तर साप आंधळा होते, नळाचं काय घेऊन बसली. आवाज बारीक करायची त्यांना सवय नाही. पल्लवीनं ऐकलं.

मी त्यांना गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी मी पल्लवीचा गुंड स्वतः भरला आणि तिच्यापुढे सरकवला, जसं काही उपकार करते आहे. तिनं त्याला हातही लावला नाही.

"राहू द्या काकू. ज्या नळाले मी नको, त्याचं पाणी मले काहून पायजे?"

तो गुंड नंतर तिचा नवरा आमच्याच अंगणात रिकामा करून घेऊन गेला. ती उन्हात टँकरच्या रांगेत उभी राहू लागली, सहा महिन्यांचं पोट घेऊन. आणि मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण गोष्ट रंगवून सांगायला मला आवडते. भिशीत सांगितली, लॅबमध्ये सांगितली, लेआऊटच्या बायकांना नक्कल करून दाखवली — "तिनं हात लावला का नळ गप!" मी गंमत म्हणून सांगत होते, ऐकणाऱ्या गंमत म्हणून ऐकत नव्हत्या. टँकरपाशी तिला मागे थांबवू लागल्या, म्हणे आधी आमचं भरू दे. सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळी हौस त्या दोघांनी केली होती. लेआऊटमधून ओटी भरायला जेमतेम तीन बायका गेल्या. मीही गेले नाही. लॅबमध्ये काम आहे असं कळवलं आणि खिडकीचा पडदा ओढून घरातच बसले. तिच्या अंगणातल्या रिकाम्या खुर्च्या पडद्याच्या फटीतून दिसत होत्या.

जून संपत आला आणि सानिकाला मळमळ सुरू झाली. जेवणाचा वाससुद्धा नको. ऊन लागलं असेल म्हणून मी कांदा, पन्हं वगैरे करत राहिले. एका दुपारी ती दारात उभी होती, तोंडावर उजेड पडला आणि मला तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला. मी रोज दुसऱ्यांच्या रक्तात तो शोधते, आणि घरात मला दिसायला एवढे दिवस लागले. पाठोपाठ नवराही आडवा झाला. दोघांचे रिपोर्ट मीच काढले. कावीळ, आणि तीही दूषित पाण्यातून होणारी, ई प्रकारची.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. म्हणाले, हे दोघं बरे होतील, आराम लागेल. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं.

"हेच पाणी पिणारी कोणी गरोदर बाई आहे का घरात? शेजारी?"

का विचारत आहेत ते मला सांगायची गरज नव्हती. ही कावीळ आपल्यासारख्याला महिनाभर झोपवते. दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन जाते, पुष्कळदा बाळासकट. मी नाही म्हणाले. नाही सर, ती आमचं पाणी पीत नाही. एवढं बोलले आणि तिथंच खुर्चीत बसून रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, मुलीसाठी रडते आहे.

तशीच पल्लवीकडे गेले. कशाला ते नीट सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, साथ आहे, तुझं रक्त तपासू. तिनं हात पुढे केला. रिपोर्ट स्वच्छ आला. आयुष्यात हजारो रिपोर्ट पाहिले असतील, पण कागदाला हात जोडले ते त्याच दिवशी.

मग साहेबांना फोन केला. दोन महिने उशिरा. फरशी फोडली, चर उकरला. चेंबर पाझरत होतं आणि तो जोड त्याच चिखलात बसला होता. साहेब म्हणाले, नळ बंद असतो तेव्हा रिकामा पाइप आजूबाजूची घाण आत ओढतो, पाणी आलं की ती घरात येते. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना नळाचंही सांगितलं. हवा अडकत असेल, म्हणाले. ती एकाच बाईला ओळखून कशी अडकते, असं विचारलं तर ते नव्या चराची जागा दाखवू लागले.

लायसनवाल्या प्लंबरनं नवा पाइप टाकला, वेगळ्या चरातून, चेंबरपासून लांब. साहेब येऊन जोड पाहून जाईपर्यंत मी मातीचा खडाही आत पडू दिला नाही. पाणी सुरू झालं तेव्हा पल्लवीच्या दारात गेले आणि म्हटलं, पहिला गुंड तुझा. ती गुंड घेऊन आली. नववा महिना, तिला वाकवेना, म्हणून तिच्या हाताखाली मीही हात धरला. तिनं गुंड नळाखाली नेला. धार हलली नाही. गुंड काठोकाठ भरला आणि वाहून गेला तरी आम्ही दोघी तशाच धरून उभ्या होतो.

ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आमच्या पाण्याची गोष्ट एव्हाना सगळीकडे कळली होती, बारशाला सगळा लेआऊट लोटला होता. मला मागेच बसायचं होतं, पण पल्लवीनं हात धरून पाळण्याजवळच्या पाटावर नेलं, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू लॅबमध्ये आहे. त्याहिले माहीत होतं पाणी खराब आहे म्हणून. माह्यासाठी आतून नळ बंद करे. मी रुसली, पण माहं लेकरू ह्याहिनं वाचवलं."

बायका माना डोलावू लागल्या. सासूबाई तर म्हणाल्या, आमच्या सूनबाईले सगळं आधीच समजते! त्याच सासूबाई.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं — "नळ मी बंद नाही केला वं पल्लवी. मले काही माहीत नव्हतं. आम्ही स्वतःच तेच पाणी पीत होतो." चर आधी बुजवल्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, तिची टिंगल मीच पसरवली तेही सांगितलं. ती हसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही असंच म्हणान, मले ठाऊक होतं."

माझा मोठेपणा म्हणे. आता लेआऊटमध्ये हीच गोष्ट सांगतात, आणि माझ्यापेक्षा चांगली रंगवून सांगतात. मी खरं सांगायला गेले की त्यांचा आदर आणखी वाढतो.

त्या दुपारी तो नळ कोणी बंद करत होतं, मला माहीत नाही. हवा, दाब, टिल्लू, सगळं ताडून पाहिलं. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तर जरूर लिहा, पण माझं त्यानं भागणार नाही. कारण ज्यानं कोणी तो बंद केला, त्यानं माझ्याच घरात, माझ्याच नळावर उभं राहून जे केलं ते माझं काम होतं.

बारशाहून निघताना पल्लवीनं माझी ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, सगळं रीतीनं. मला तिची रिकाम्या खुर्च्यांची दुपार आठवत होती आणि मी पदर पसरून उभी होते. तो नारळ मी फोडला नाही, देवापुढेही ठेवला नाही. पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ ठेवला आहे. पाणी घ्यायला गेलं की रोज दिसतो.