स्वखुशीचा राजीनामा

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या युनिटमध्ये दरवाजांची पितळी हँडलं बनायची आणि सगळी परदेशात जायची. मी सोळा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. अंगठा फिरवला की बारीकसा ओरखडाही कळायचा.

तिकडे सगळ्या बँकांचे व्याजदर ठरवणारी एक मोठी बँक असते. तिने कित्येक वर्षं कर्ज जवळजवळ फुकट ठेवलं. लोक घरांवर घरं बांधत सुटले आणि आम्ही रविवारीही हँडलं तपासत बसलो. मग महागाई हाताबाहेर गेली, तशी त्याच बँकेच्या मोठ्या साहेबांनी दणादण व्याज वाढवलं. घरं थांबली, मग हँडलं कोणाला हवीत? आम्हाला पितळ पुरवणारे, खोकी बनवणारे, सगळ्यांचीच वाट लागली. मोबाइलवर ते साहेब दिसले. थोडं सोसावं लागेल, म्हणत होते. मला भयंकर राग आला. सोसायचं कोणी, ते काही बोलले नाहीत.

दसऱ्याला मशिनींची पूजा झाली. दुसऱ्याच दिवशी शेठनी आम्हा अकरा जणींना टाइप केलेले कागद दिले: ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ कारखान्यांतली ही जुनी पद्धत. कामावरून काढलं तर भरपाई द्यावी लागते, राजीनामा घेतला की ती वाचते. माझ्या मुलीची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी त्या भरपाईवर होती.

“सही करा ना ताई,” शेठ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “मी पण बुडालोय. माझा काय दोष यात?”

“तुमचा नाही शेठ. पण माझा तरी कुठेय? आणि माझ्या तोंडावर कुठे खुशी दिसते तुम्हाला?”

“मग कारण काय लिहू?”

“खरं ते लिहा. तिकडे व्याज वाढवलं, माल कोणी घेईना, म्हणून काढलं.”

मागून पॅकिंगवाली म्हणाली, “माझ्या कागदावरपण तेच लिहा.” मग एकेकीने पेन खाली ठेवलं.

तासाभराने नवे कागद आले: ‘मागणी नसल्यामुळे कामावरून कमी केले.’ त्यावर सही केली. शेठनी एक मशीन विकून दोन हप्त्यांत पैसे दिले, फी भरली. नोकरी गेलीच, ती कोण वाचवणार होतं? पण ती मी खुशीने सोडली, असं कोणाच्या बापाला लिहू दिलं नाही.