बिनगाठीचे हार

देवानं बोलणं वाटताना काहीतरी गफलत केली, असं सिंधुबाईला नेहमी वाटायचं. सगळं बोलणं धाकट्या प्रतिभाला देऊन टाकलं आणि मोठ्या मनीषाच्या वाट्याला नुसतं मान हलवणं आलं.

मखमलाबादला त्यांचा झेंडूचा लहानसा मळा होता. नवरा, भारत, एकलहऱ्याला वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. पाळी करून यायचा, झोपायचा, उठून पुन्हा पाळीला जायचा. फुलं तोडणं, ती पंचवटीत नेऊन विकणं, स्वयंपाक, गाय, पोरी, सगळं सिंधुबाईच्या अंगावर. थकवा तिच्या हाडांत असा मुरला होता, की झोपून उठलं तरी उतरायचा नाही.

त्यात प्रतिभा. सात वर्षांची, पण घर डोक्यावर घ्यायची. एकदा विक्रीचे हार गायीच्या गळ्यात घालून तिनं मळ्यातून वरात काढली. वरात संपेपर्यंत निम्मे हार गायीनंच खाल्ले. सिंधुबाई शेजारच्या कुसाबाईच्या पिठल्याबद्दल घरात जे काही बोलली, ते या बयेनं कुसाबाईला शब्दन्शब्द जाऊन सांगितलं, वर आईचा आवाजही काढून दाखवला. दोन्ही घरांची बोलाचाल कितीतरी दिवस बंद. आई रागवायला लागली की ही त्याच आवाजात आईलाच रागवायची. सिंधुबाईच्या नाकीनऊ यायचे.

मनीषा दहा वर्षांची. न उठवता उठायची, विहिरीकडची ओळ तोडायची, पाटी भरून दारात ठेवायची. हार ओवावे तर तिनंच. झेंडू, आंब्याचं पान, पुन्हा झेंडू आणि शेवटी अशी घट्ट गाठ, की हार वाळून कडकडीत झाला तरी फूल सुटत नसे. ताप आला तरी सांगायची नाही. एकदा तोडणी करताना बांधावर भोवळ येऊन बसली, तेव्हा कुठे आईला कळलं.

"मनीषाचं मला काय बघावंच लागत नाय," सिंधुबाई कौतुकानं सगळ्यांना सांगायची. आणि खरंच, ती तिच्याकडे बघत नव्हती.

भारतची थोरली बहीण लताबाई इगतपुरीला असायची. नवरा रेल्वेत, राहायला क्वार्टर, पण पदरी मूल नाही. "एक पोरगी मला द्या, शिकवते, लेकीसारखी वाढवते," असं ती बरीच वर्षं म्हणत होती. बाई वाईट नव्हती, एकटी होती. अठ्ठ्याण्णव साली सिंधुबाई हो म्हणाली. भारत म्हणाला, "तुझं तू बघ," आणि पाळीला गेला. जाणार ती धाकटी, हे सिंधुबाईनं मनात धरलेलं. घर जरा शांत होईल, असं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज वाटून घ्यायलासुद्धा अंगात ताकद लागते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी लताबाई नवा फ्रॉक घेऊन आली. आल्या आल्या प्रतिभानं तिच्या चपला हौदात पोहायला सोडल्या. मग समोर मांडी घालून बसली आणि विचारलं, "आत्या, तुला मिशी का येती?"

दुसऱ्या दिवशी लताबाई चुलीजवळ येऊन बसली. "सिंधू, ही नको गं बाई. मला मोठी दे. तिचा काय त्रासच नाय."

सिंधुबाई भाकरी थापत होती. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, वाद होणार. तिला ते सगळं नकोसं झालं.

"न्या, आक्का," ती म्हणाली.

मनीषा दारात आंब्याचे डहाळे घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवले आणि अंगणात हार ओवायला बसली. प्रतिभा तिच्या कानाला लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती.

दसऱ्याला सकाळी सिंधुबाई पंचवटीत रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसली. पहिल्या गिऱ्हाइकानं हार उचलला आणि सगळी फुलं सळसळत खाली आली. हातात नुसता दोरा. दुसरा हार, तिसरा हार, तीच गत. एकालाही गाठ नव्हती. गिऱ्हाइकं हसली. सिंधुबाईनं मिळेल त्या भावानं सुटी फुलं विकली आणि रागानं धुमसत घरी आली.

विचारायचं काय होतं? तिनं पाटी टाकली आणि प्रतिभाच्या पाठीत धपाटा घातला. दुसरा घातला. प्रतिभानं ब्र काढला नाही. एरवी हात लागायच्या आत गल्ली गोळा करणारी पोर ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सिंधुबाईचा हात आपोआप थांबला.

"तिला नको मारू," मागून मनीषा म्हणाली. "मी नाय मारल्या गाठी."

"तू?"

"परतिभा म्हणली, खोड्या करणाऱ्या पोरीला कुणी नेत नाय. तिला नाय नेलं." मनीषा आईच्या समोर येऊन उभी राहिली. "आई, मी तरास देत नाय म्हणून मला देऊन टाकती का?"

सिंधुबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. या पोरीचा आवाज घोगरा आहे, थेट तिच्या आजीसारखा, हे तिला आज दहा वर्षांनी कळत होतं. ओटीवर लताबाई पिशवी भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आक्का, एकही पोर नाय देत मी," सिंधुबाई म्हणाली. "तुम्ही रागवा नायतर काय बी करा."

लताबाई रागावली नाही. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर ती एकटीच निघाली. फ्रॉक मात्र खुंटीवर ठेवून गेली. प्रतिभा फाट्यापर्यंत तिला सोडायला गेली आणि मिशीबद्दल बोलायचं नाही, एवढं तिनं कसंबसं पाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा उठली नाही. जागी होती, पापण्या हलत होत्या, पण गोधडी तोंडावर ओढून पडून राहिली. सिंधुबाई क्षणभर उभी राहिली. कंबर ठणकत होती, तोडायच्या ओळी तशाच पडल्या होत्या. तिनं गोधडी पोरीच्या पायांवर नीट सारली, पाटी उचलली आणि आधी विहिरीकडची ओळ तोडायला घेतली.