वहिनी, पुरणाकडं बघा

केर्ली गाव मागे पडलं, जोतिबाचा चढ लागला, आणि विठाबाई चालता चालता एकदम म्हणाल्या, "बाई, मी इधवा हाय."

मी थांबलेच. मागून येणारी पोरं 'चांगभलं' म्हणत आम्हाला वळसा घालून पुढं गेली. विठाबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, घामानं ओघळलेलं. गळ्यात डोरलं. नवरा घरी परत यावा म्हणून दरसाल चैत्रात अनवाणी जोतिबाला जायचं, हा त्यांचा नवस आमच्या सगळ्या पेठेला ठाऊक आहे. त्या नवसाच्याच वाटेवर बाई हे बोलत होती.

"अहो, काय बोलताय? देवाच्या वाटेवर?"

"मग कुठं बोलू? घरात बोलाय येत न्हाई."

विठाबाई मूळच्या कोडोलीच्या. लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्या. नवरा केरबा ट्रकवर ड्रायव्हर. मूलबाळ नाही. नऊ वर्षांपूर्वी तो निपाणीकडं गाडी घेऊन गेला आणि तिकडेच राहिला. तिकडं दुसरं घर मांडलं, असं लोक बोलायचे. विठाबाई म्हणायच्या, "मांडू दे की. भूक लागली की भाकरी आठवंल." त्या धाकटा दीर अमरसिंह आणि जाऊ वर्षाराणी यांच्या घरातच राहिल्या आणि पेठेतल्या भाकरी केंद्रात, बायका विकायच्या भाकऱ्या थापतात तिथं, कामाला लागल्या. त्यांच्या हातची भाकरी न फुगता तव्यावरून उतरल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या तोंडून जावेबद्दल वाकडा शब्दही ऐकलेला नाही.

मी पेठेतलं वाचनालय सांभाळते. बुधवारी दुपारी केंद्रातल्या चुली विझल्या की मी तिथं जाऊन बायकांना एक गोष्ट वाचून दाखवते. विठाबाईंना गोष्टीतलं एकच कळायचं, पुढं काय झालं. "मग तिनं काय केलं? मग त्यो आला का न्हाई?" मी म्हणायची, "विठाबाई, लेखक सगळं सांगत नाही. काही आपण ओळखायचं असतं." त्यावर त्या म्हणायच्या, "सांगायचं न्हाई तर लिवलं कशाला त्या बाबानं?" सगळ्या हसायच्या.

गेल्या महिन्यात मी एका लग्नघराची गोष्ट वाचली. सांगणारी आहे एक लहान मुलगी. तिची लाडकी आत्या घरभर राबत असते. सगळे तिला 'आत्या, आत्या' करतात. पण हळदीकुंकवाचं ताट तीनदा फिरतं आणि तिन्ही वेळा कुणीतरी तिला पाणी आणायला पाठवतं. एवढंच. गोष्ट संपली.

विठाबाई म्हणाल्या, "आणि लगीन? लगीन झालं का न्हाई?"

केंद्रातलीच झुंबरबाई पिठाचे हात झटकत म्हणाली, "अगं येडे, आत्या इधवा हाय की! दिसंना व्हय तुला?"

"कुठं लिवलंय तसं?"

"लिवाय कशाला पायजे? कुंकू आलं की उठवत्यात तिला."

"तहान लागली आसंल की कुणाला."

मी म्हटलं, "एकदा पाठवलं तर तहान. पण तीनदा? एका खुणेवर जाऊ नये. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की मग ओळखावं." झुंबरबाईला ती गोष्ट छळणाऱ्या सासरची वाटत होती. मी म्हटलं, नीट बघा, त्या घरात आत्यावर कुणी ओरडत नाही. माया आहे, पण तोंडावर बोलायचं धाडस नाही, गोष्ट त्याची आहे.

"परत वाचा," विठाबाई म्हणाल्या. मी परत वाचली. दुसऱ्या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. मला आपला आनंद झाला, यांना गोष्टीची गोडी लागली म्हणून.

आणि आता या चढावर त्या मला म्हणत होत्या, "श्रावणात आमचं अमरसिंह भावजी डोस्कं भादरून आलं. मिशीबी न्हाई. म्हणालं, तिरुपतीला गेलतो. बाई, तिरुपतीला जाऊन लाडू न आणणारा माणूस बघिटलाय का तुमी?"

मला हसू आलं आणि लगेच विरलंही. थोरला भाऊ गेला की धाकटा केस देतो, ते आठवलं.

"दिवाळीला घरात तळण झालं न्हाई. वर्षाराणी म्हणाली, तेलानं घसा धरतोय. तिचा घसा कवा धरलाय? गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जातोय."

"अहो, पण—"

"थांबा की. आदी दर शुक्रवारी देवाचं झालं की ती मला कुंकू लावून पाया पडायची. थोरली जाऊ म्हणून. आता करंडा फळीवर ठेवती. म्हणती, घ्या वहिनी तुमचं तुमी, माझं हात वले हायत. दर शुक्रवारी वले? आणि परवा शेजारच्या बारशाला एक बाई ताट घिऊन माझ्याकडं वळली, तर ही म्हणाली, वहिनी, आत जरा पुरणाकडं बघा. मी गेले. पुरण कवाच वाटून झाल्यालं. पातेल्यावर झाकण."

मी गायमुखापाशी कठड्यावर बसले. वर्षाराणीला मी चांगली ओळखते. देवाधर्माची बाई. मेलेल्या माणसाच्या बायकोला कुंकू लावणं तिच्या हातून व्हायचं नाही, आणि 'वहिनी, थोरले भावजी गेले' हे तिच्या जिभेवर यायचं नाही. खोटं बोलायला शिकली, पण देवापुढं हात खोटा करता येईना, आणि त्या हातानंच सगळं सांगून टाकलं.

तरी मी म्हटलं, "विठाबाई, ती गोष्ट आहे. लेखकानं मुद्दाम तसं रचलेलं असतं. खऱ्या घरात एका गोष्टीला शंभर कारणं असतात."

"तुमीच म्हणालासा, तीन झाल्या की वळखायचं."

एवढा माणूस गेला, त्याचं दहावं-बारावं कुणी कुठं केलं असेल, आणि इथं ही बाई आठ महिने त्याच्या नावानं कुंकू लावतेय. जोतिबाच्या दारात उभं राहून आता ही मागणार काय?

"वाईट न्हाई वो वर्षाराणी," त्याच म्हणाल्या. "माझं कपाळ रिकामं बघवंना तिला. म्हणून गप हाय. तिला इचारलं तर ती रडंल, आणि न्हाई म्हणंल. मग मी काय धरायचं? जित्ता धरला तर नवस. मेला धरला तर... माझ्या हातानं कुंकू पुसू, आणि उद्या दारात हुबा ऱ्हायला तर?"

त्यांनी गायमुखाचं पाणी तोंडावर मारलं, पण कपाळाला हात लावला नाही. मग माझ्याकडं वळल्या.

"बाई, एक करा. येत्या शुक्रवारी आमच्या घरला या. वर्षाराणी म्होरं बसल्याली आसंल तवा करंडा मागून घ्या, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावाय हात म्होरं करा. बोलू काय नका. निस्तं बघा, ती तुमचा हात धरती का न्हाई."