शेजाऱ्याचा आवाज

परवा पनवेलच्या बाजारात वाण्याने ज्येष्ठमधाची पुडी उघडली आणि त्या वासाने रोडपालीतला आमचा शेजारी आठवला. तो परभाषेतल्या चित्रपटांना आणि मालिकांना मराठी आवाज द्यायचा, म्हणून ज्येष्ठमध सतत तोंडात. एकोणीस वर्षं हे काम केल्यावर घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईला, आमच्या काकींना, दिसत नसे. तो कामासाठी हैदराबादला आहे, असं घरच्यांनी तिला सांगितलं होतं. एका संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तेव्हा टीव्हीवर त्याचीच मालिका चालू होती, पण आवाज दुसऱ्याचा होता. तो आईपासून चार फुटांवर, हालचाल न करता बसला होता. आई कान देऊन ऐकत सुनेला म्हणाली, “पोराचा घसा बसलाय गो. फोन आला का त्याला सांग, गरम पानी पी.” सून तोंडाला पदर लावून आत गेली. मग काकींनी मला विचारलं, “भाऊ, तोच हाय ना?” मी म्हणालो, “तोच आहे, काकी. थोडी सर्दी असेल.” त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. महिन्याभराने काकी गेल्या. तोवर हे खोटं मी किती वेळा बोललो ते मोजलं नाही, पण दर वेळी तो समोर बसून ऐकत होता, हे आज फार लागतं.