जास्तीचा बोल्ट

रोडपालीतला माझा मेकॅनिक गाडी खोलताना प्रत्येक बोल्ट वर्तमानपत्रावर ओळीने मांडतो आणि त्याच्याशी गप्पा मारतो. मी भौतिकशास्त्रातला. एकदा त्याला सांगितलं, प्रोटॉन प्रचंड वेगाने आदळले की त्या ऊर्जेतून नवेच कण जन्मतात. शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरीत तर हजारोंनी. तो पोट धरून हसला. "सर, दोन स्कूटर ठोकल्या तर भंगार निघल, तिसरी स्कूटर नाय!"

परवा माझी रिक्षाला धडकलेली स्कूटर त्याने दुरुस्त केली. बटण दाबताच सुरूही झाली. मग कागदावर उरलेला एक बोल्ट त्याने अदबीने माझ्या हातावर ठेवला.

"तुमचंच खरं हाय, सर. टकरीत नवीन जल्मला."

माझा भौतिकशास्त्रावर पूर्ण विश्वास आहे. तरी स्कूटर मी ढकलतच घरी नेली.